हृदयाचं कोटिंग

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात घालतोय, कारण डॉक्टरांनी सध्या वाकायला मनाई केली आहे. तुझी तब्येत कशी आहे? जिना चढताना छातीत होणारी जळजळ (जी तू फक्त मलाच सांगितली आहेस, काळजी नसावी) कमी आहे का? तुझा चष्मा अजून माझ्या दुकानात आहे, म्हणून अक्षर जरा ठळक काढतोय.

मला हार्ट अटॅक येऊन गेला. घाबरू नकोस, मी बसून लिहितोय, आणि नीट टेकून बसा म्हणून ही शेजारून डोळे वटारते आहे. झालं असं, की भर दुपारी एका गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली होती. शेवटच्या ओळीशी तो अडखळला आणि इकडे मला दरदरून घाम फुटला. तुझी अवजारांची पेटी कुणीतरी छातीवर ठेवून वर बसलंय असं वाटलं. तरी मी आपला म्हणतोय, वाचा, वाचा. (धंद्याची सवय.) तो म्हणाला, अक्षरं राहू द्या, मला तुमचा चेहरा दिसतोय आणि तो बरा दिसत नाहीये. अँब्युलन्स त्यानंच बोलावली. ही वरच्या मजल्यावरून धावत आली ती तशीच गाडीत चढली.

गाडीत एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं आपल्या भाचीएवढ्या. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, हॉस्पिटलशी फोनवर बोलल्या आणि मला समजावलं, की हृदयाच्या एका नळीत गुठळी अडकली आहे. हॉस्पिटलात ती काढतीलच, पण तिथवर पोचेपर्यंत एक नवीन, अजून चाचणीतला उपाय करून बघू का? शिरेतून अगदी बारीक बुडबुडे सोडायचे आणि वरून छातीला अल्ट्रासाउंड लावायचं. त्या लहरींनी बुडबुडे थरथरतात, फुटतात आणि गुठळी भुसभुशीत करतात. मी होकार दिला. दादा, तू जन्मभर तुंबलेले नळ मोकळे केलेस, तार घालून, पंप मारून, शिव्या घालून. इथे नळीला हातही न लावता, नुसत्या आवाजानं! आणि तेही कानाला ऐकू न येणाऱ्या!

छातीवर थंडगार जेली लागली आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. अरे, हे तर माझं चष्मे धुण्याचं यंत्र! त्यातही अशाच लहरी, असेच बुडबुडे. आणि त्यात चष्मा जास्त वेळ राहिला की काचेचं कोटिंग उडतं, हे मला पक्कं ठाऊक. मी बाईंचा हात धरून बाजूला केला आणि बजावलं, की पुरे आता, कोटिंग जाईल. त्या बिचाऱ्या कोटिंग म्हणजे काय ते आलेखात शोधायला लागल्या. मी हात सोडेना. गुठळी जागच्या जागी बसलेली, आणि मी धंद्यातल्या खुब्या शिकवतोय. तेव्हा ही माझं मनगट धरून म्हणाली, "सोडा त्यांचा हात. ते हृदय आहे, गिऱ्हाइकाचा चष्मा नव्हे. आणि गेलंच कोटिंग, तर मी तसंच सांभाळीन."

मी हात सोडला.

मग पडद्यावर मी माझं हृदय पाहिलं. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत डोकावलो, पण असं काही पाहिलं नव्हतं. एक धुरकट, करडी मूठ मिटत होती, उघडत होती. फक्त एका बाजूची भिंत रुसल्यासारखी गप्प. हळूहळू छातीवरची पेटी हलकी झाली. ती भिंत आधी नुसती थरथरली, आणि मग, दादा, दमलेला माणूस उठावा तशी कामाला लागली. "हलली," बाई पुटपुटल्या. (नेहमीच असं होत नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं.) पुढे हॉस्पिटल येईपर्यंत आम्ही तिघंही पडद्याकडेच बघत होतो.

हॉस्पिटलात नळीत जाळी बसवली. बुडबुड्यांनी किती केलं आणि नशिबानं किती, ते आता तिथले डॉक्टर अभ्यासणार आहेत. मी मात्र दुकानात परतलो की माझ्या यंत्राला आधी नमस्कार करणार आहे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझी नेहमीची तक्रार आठवते. पाणी हळू जायला लागतं तेव्हा लोक गप्प बसतात, आणि पार तुंबलं की तुला बोलावतात.

आणखी एक. तुझा चष्मा कधीचाच तयार आहे. टपालानं पाठवता आला असता. मुद्दाम पाठवला नाही.

शेवटचं, वहिनींसाठी. वहिनी, दादाला चष्म्याविना वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तुम्हीच वाचून दाखवताय. जळजळीच्या वाक्याशी तुम्ही थांबला असाल आणि त्यानं विषय बदलला असेल. बदलू देऊ नका. आजच त्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या. चष्मा मी तिथेच पोचवतो.