द्वारकाबाईंचं औषध

आवडी, चेन्नई
६ जुलै २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं बारावं पुस्तक मिळालं. म्हणजे तुम्ही मुलांसाठी लिहिलेली सगळी चरित्रं आता माझ्याकडे आली. महिन्याला तुमचं एक पुस्तक आणि त्यावर माझं हातानं लिहिलेलं एक मराठी पत्र, हा करार मी पाळला. दोन पत्रं उशिरा गेली, ती परीक्षेमुळे.

नेहमीसारखं शेजारच्या विशालाक्षी अक्काला वाचून दाखवलं. शाळा सुटल्यापासून आई टी. नगरच्या ऑफिसातून येईपर्यंत मी तिच्याकडेच असते. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. ती म्हणते, तिच्या तंजावरच्या घरातलं मराठी साडेतीनशे वर्षांचं आहे आणि तुमचं कालचं, म्हणून चुका असतील तर त्या तुमच्या.

द्वारकाबाई सरमळकर डोंगरात एकट्या फिरून नेचे गोळा करायच्या, हे मला आवडलं. त्यांना लहानपणी माझ्यासारखीच फीट यायची हे वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. आधीच्या अकरा पुस्तकांत कुणालाच काही झालेलं नव्हतं.

एक विचारायचं आहे. पान नऊवरचा प्रसंग खरा आहे का? अक्कालाही जाणून घ्यायचं आहे. लवकर लिहा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, नाहीतर लगेच विचारलं असतं.

आहे तेवढा लोभ ठेवा, थोडा वाढला तरी चालेल.

तुमची लाडकी
कीर्ती


मिरज
११ जुलै २०२५

चि. कीर्तीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र कालच आलं. अक्षर सुधारलं आहे. विशालाक्षीबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांचं मराठी जुनं असेल, पण माझ्या चुका काढायला अजून वाचता यावं लागतं, हेही सांग.

द्वारकाबाईंचं पुस्तक मी मुद्दाम शेवटी पाठवलं. तू ते वाचशील त्या दिवसाची मी वर्षभर वाट पाहत होतो.

तू विचारतेस, प्रसंग खरा आहे का. माझ्याकडे ती एकच प्रत होती आणि ती आता तुझ्याकडे आहे, त्यामुळे पान नऊ समोर नाही. पण मी द्वारकाबाईंच्या घरी तीन दिवस राहून ते चरित्र लिहिलं. पानापानाची खात्री देतो. मुलांना खोटं सांगून मोठं करता येत नाही, असं मी शाळेत पस्तीस वर्षं म्हणत आलो.

संकेतमामा तुझी आठवण काढतो. औषधं वेळेवर घे, अभ्यास कर.

तुझे
आजोबा


आवडी
२७ जुलै २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल मांजरानं विशालाक्षी अक्कांची कढीपत्त्याची कुंडी पाडली. माती भरायला मी गेले. मातीत अकरा पांढऱ्या गोळ्या होत्या. काही विरघळलेल्या, काही अख्ख्या. आणखी काही बारीक गुलाबी होत्या, त्या कुठल्या ते कीर्ती सांगत नाही. पांढऱ्या तिच्या. सकाळची गोळी ती माझ्यासमोर घेते. संध्याकाळची अक्कांकडे घेते, असं मी समजत होते.

तुमचं पत्र पंधरा तारखेला आलं. सोळापासून मोजा, अकरा भरतात.

मी पान नऊ वाचलं. बारा वर्षांची द्वारका औषधाची बाटली परसात नेते, झाडाच्या मुळाशी ओतते आणि आईला सांगते की माझा रोग माझ्या निश्चयाहून मोठा नाही. त्या दिवसापासून तिला पुन्हा कधीही झटका आला नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. कीर्ती परवाच बारा वर्षांची झाली.

डॉक्टर म्हणाले की अशी अचानक गोळी तोडणं फार धोक्याचं आहे, अजून काही झालं नाही हे नशीब. कीर्ती उलट ऐकते. अकरा दिवसांत काही झालं नाही, हाच तिचा पुरावा. आता गोळी हातात दिली तर गालात धरते. आज सकाळची मला उशीखाली मिळाली. तिच्या सायकलला मी कुलूप लावलं आहे. हे ऑफिसला रजा टाकून घरी थांबले आहेत, पण किती दिवस थांबणार?

मला एवढंच कळवा. हा प्रसंग घडला होता का? नसेल, तर तसं तिला लिहा. माझं ती ऐकत नाही. म्हणते, आजोबा तिथे जाऊन आले आहेत, तू गेली होतीस का?

तुमच्या तब्येतीला जपा. उत्तराची वाट पाहते.

आपली
ऋजुता


मिरज
१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. ऋजुतास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रानं मन अस्वस्थ झालं. कीर्तीला समजावून सांग की तो काळ निराळा होता, त्या काळची औषधंही निराळी होती, आणि लहानपणी येणारे काही झटके वयानुसार आपोआप थांबतात, असंही वैद्यकात नमूद आहे, त्यामुळे एका व्यक्तीच्या आयुष्यात जे घडलं ते दुसऱ्याच्या आयुष्यात जसंच्या तसं घडेल असं मानणं हा विचारदोष आहे, हे तिच्या वयाच्या मुलीला शांतपणे सांगितलं तर पटायला हरकत नाही.

तो प्रसंग मला नेमका कुणी सांगितला होता ते आता आठवत नाही. अडतीस वर्षं झाली. आता एकदम खोटं म्हणून लिहिलं, तर तिचा बाराही पुस्तकांवरचा विश्वास जाईल. तिला मराठीशी बांधणारी तेवढीच दोरी आहे, याचाही विचार व्हावा.

जावईबापूंना नमस्कार. राग मानू नये.

तुझे
बाबा


आवडी
६ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

संकेतदादाच्या फोनवर निरोप पाठवला होता, तो तुम्हाला मिळाला असेल. काल संध्याकाळी पावणेसहाला कीर्तीला फीट आली. तुमचं पत्र काल दुपारीच आलं होतं. मी ते घरी परतल्यावर वाचलं.

ती अक्कांच्या स्वयंपाकघरात पडली. गॅसवर रसम उकळत होतं. ती दुसऱ्या बाजूला पडली, एवढंच. अक्कांनी तिला कुशीवर वळवलं आणि गॅस बंद केला. खालचे नारायणस्वामी फीट थांबावी म्हणून तिच्या मुठीत द्यायला लोखंडी किल्ल्या घेऊन धावत आले. अक्कांनी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं आणि किल्ल्या खिशात ठेवून घड्याळ बघा म्हणून सांगितलं. अडीच मिनिटं. हे सगळं सत्तर वर्षांच्या बाईनं एकटीनं केलं.

कीर्तीचा ओठ फाटला आहे. दोन टाके पडले.

मला वाटलं होतं, आता तरी ती समजेल. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं सांगू? द्वारकाबाईंना नंतर खरंच एकदाही आली नव्हती ना, असं. मी तिचा ओठ पुसला. मग म्हणाली, आपला निश्चय कमी पडला. आज सकाळी तिनं गोळी बेसिनमध्ये थुंकली. ओठाच्या टाक्यांतून रक्त आलं, तरी थुंकली.

बाबा, मी तुमची मुलगी आहे. तुम्ही एखादी गोष्ट टाळता तेव्हा तुमची वाक्यं लांब होतात. पहिलंच वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला उत्तर कळलं.

दोरी तुटू दे. पण कळवा ते तुमच्या हातानं, कागदावर, तिच्या नावानं. माझ्या फोनवर आलेलं काहीही ती मानणार नाही, ते आईनंच लिहिलं असणार म्हणते.

याहून जास्त लिहायचं सुचत नाही. माया कमी झालेली नाही, एवढं धरून चाला.

ऋजुता


मिरज
१० ऑगस्ट २०२५

चि. कीर्तीस,
आशीर्वाद.

पान नऊवरचा प्रसंग खोटा आहे. तो मला कुणी सांगितला नव्हता. मी तयार केला.

आमच्या मालिकेतलं प्रत्येक पुस्तक बत्तीस पानांचं असे. दुसरं प्रकरण बालपणाचं, आणि त्याच्या शेवटी एक प्रसंग, असा रिवाज होता. प्रसंग असा हवा की वाचणारं मूल ताठ होऊन बसेल. मोठ्या माणसांच्या लहानपणी दर वेळी असं काही घडलेलं नसतं. नसलं, की आम्ही घडवत असू.

द्वारकाबाईंच्या घरी मी तीन दिवस राहिलो, हे खरं आहे. त्यांच्या भाचीनं, तुळसीबाईंनी, मला एक पत्र्याची पेटी उघडून दाखवली. आत छोट्या वह्या होत्या. पानावर तारीख आणि पुढे दोन खुणा, सकाळच्या औषधाची आणि संध्याकाळच्या. एकेचाळीस वर्षांच्या वह्या. त्यांनी औषध कधी सोडलं नाही. डोंगरात जाताना नेच्यांच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली बाटली असे.

एकदा त्या बाटली घरी विसरल्या. तेहतीस वर्षांच्या होत्या. कड्याखालच्या वाटेवर झटका आला आणि त्या पडल्या. उजवा हात मोडला, तो पुन्हा नीट झाला नाही. त्या हातानं त्या नेच्यांची चित्रं काढत. पुढची सगळी चित्रं डाव्या हातानं काढली आहेत. पान चोवीसवर त्यांतली दोन आहेत. डाव्या हाताची आहेत, हे मी लिहिलं नाही.

मला वाटलं, रोज औषध घेणारी बाई मुलांना थोर वाटणार नाही. मी चाळीस वर्षांचा होतो आणि मुलांना काय वाटतं हे मला कळतं, असा माझा समज होता.

तू विचारलंस तेव्हा पान नऊवर काय आहे ते मला खरंच आठवत नव्हतं. आठवत नाही असं लिहायला हवं होतं. मी खात्री दिली. तुझ्या आईनं विचारलं तेव्हा मात्र सगळं आठवलं, आणि मी टाळलं. माझं ते पत्र तुमच्या घरी पोचलं त्याच दिवशी तू पडलीस.

सोबत नवं पान नऊ हातानं लिहून पाठवतो. जुन्यावर चिकटव. माझ्या शब्दावर विसंबू नकोस. तुळसीबाई हयात आहेत, सावंतवाडीला असतात. पत्ता मागच्या बाजूला आहे. त्यांना विचार. त्यांचं उत्तर येईपर्यंत गोळी घे, एवढं मागतो.

आजोबा


आवडी
३० ऑगस्ट २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा मी ते फाडणार होते. आईनं हातातून काढून घेतलं. मग दोन दिवसांनी मीच मागितलं.

तुळसीबाईंना मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर काल आलं. त्यांचं अक्षर थरथरतं, पण वाचता येतं. त्या म्हणतात, तुमचं पुस्तक निघालं तेव्हाच त्यांनी तुम्हाला पान नऊ चुकीचं असल्याचं कळवलं होतं, आणि तुम्ही उत्तर दिलं नाही. हे तुम्ही मला लिहिलं नव्हतं. तरी बाकीचं जुळलं.

त्यांनी वहीच्या दोन पानांची झेरॉक्स पाठवली. पडण्याआधीच्या खुणा सरळ आहेत. नंतरच्या तिरक्या आहेत, पण एकही चुकलेली नाही. मी ती पानं खूप वेळ बघितली. तुमच्या बारा पुस्तकांत असं काही नव्हतं.

सोळा ऑगस्टपासून मी दोन्ही गोळ्या घेते. आधी दहा-बारा दिवस घेतल्या, कारण कोण खरं बोलतंय ते माहीत नव्हतं आणि आई दारात उभी राहायची. आता वहीत खुणा करते. सायकलचं कुलूप अजून काढलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, काही महिने थांबायचं.

बाकीची अकरा पुस्तकं वेगळ्या पार्सलनं परत पाठवते आहे. प्रत्येकात दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी मी पेन्सिलीनं चौकोन काढला आहे. घडलं असेल तिथे बरोबरची खूण करा, नसेल तिथे फुली मारा आणि खरं काय होतं ते समासात लिहा. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा. घाई नाही. पण सगळी परत पाठवा, मला ती हवी आहेत. द्वारकाबाई माझ्याकडेच ठेवल्या.

अजून एक सांगायचं आहे. आईला मी आज सकाळी सांगितलं. कुंडीतल्या गुलाबी गोळ्या अक्काच्या होत्या, रक्तदाबाच्या. तुमची खात्री मी वाचून दाखवली त्या संध्याकाळी ती म्हणाली, बारा वर्षांच्या पोरीला जमतं तर आपल्याला का जमू नये? आम्ही दोघींनी मिळून माती उकरली होती. तिनं कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, म्हणून मी गप्प होते. मी पडले त्या दिवशी तिनं तीन आठवड्यांत एकही गोळी घेतलेली नव्हती आणि तिनंच मला वळवलं. नंतर ती भिंतीला धरून बसून राहिली. तिच्या मुलाला, रघूला हे कळलं तेव्हा तो तमिळमध्ये खूप ओरडला. अक्का म्हणाली, ओरडायचं तर मिरजेला जाऊन ओरड.

नवं पान नऊ तिला वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, तुझ्या आजोबाचं मराठी आता जरा जुन्यासारखं लागतंय.

आता रोज संध्याकाळी सहा वाजता ती तिची गुलाबी घेते, मी माझी पांढरी. मग आम्ही एकमेकींना तोंड उघडून, जीभ वर करून दाखवतो. दोघींपैकी कुणीही दुसरीच्या शब्दावर विसंबत नाही.

लोभ आहे. वाढवायचं पुस्तकं परत आल्यावर बघू.

कीर्ती