अळीचे ठोके

६ नोव्हेंबर २००६
आजपासून शिस्त. निशिगंधा माहेरी रत्नागिरीला गेली. घर मोकळं, पीएच.डी.ला आता कसलाच अडथळा नाही. निघताना म्हणाली, आधी तुमचं ते पीएच.डी. संपवा. म्हणजे संपलं की येणार, हे उघड आहे.
विषय सोपा. फळमाशीच्या अळ्यांना चहा पाजून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजणे. डिसेंबरअखेर खलास.

९ नोव्हेंबर, सकाळी
अळ्यांचं खाणं शिजवलं. रवा, गूळ, यीस्ट. वास थेट शिऱ्याचा. शेजारची नीलम दारात. म्हणाली, काय सर, वहिनी नाहीत तर शिऱ्याची ऐश चाललीय! तिच्या सासूबाईंची वाटीच घेऊन आली होती. विज्ञान समजवायला वेळ नव्हता. वाटीत एक केळं ठेवून परत पाठवली.

१४ नोव्हेंबर
पद्धत बसली. अळी बर्फावर ठेवायची, गारठली की काचेवर टेपने चिकटवायची आणि मायक्रोस्कोपखाली घ्यायची. डॉक्टर माणसाला उताणा झोपवून छाती तपासतात, तशी मीही अळी उताणी झोपवतो. ही माझी स्वतःची आयडिया. आत काहीतरी झकास हलतंय. मोजतोय.

२० नोव्हेंबर
रत्नागिरीला फोन केला. सासऱ्यांनी घेतला. म्हणाले, ती शाळेत गेलीय, शिकवायला लागली ना. बरंय, तेवढाच तिचा वेळ जातो. मी कामात असल्यामुळे 'फोन कर' असा निरोप ठेवला नाही.
(ठेवला.)

३ डिसेंबर
मेहुणा आला, जितेश. निशिगंधाचं शिलाई मशीन आणि मिक्सर घेऊन गेला. म्हणाला, भावोजी, चहा नको, टेम्पोवाला थांबलाय. शिलाई मशीन पडून राहिलं की गंजतं, तेव्हा नेलं ते बरंच झालं. मिक्सरही तिकडचा बिघडला असेल. अळ्यांसाठी केळी हाताने कुस्करली. व्यायाम होतो.
शेवटी तिची शालही मागितली. रत्नागिरीत कसली थंडी? दिली.

११ डिसेंबर
एक बाटली फुटली, माश्या सुटल्या. सोसायटीचे सेक्रेटरी दत्ताराम वर आले. म्हणाले, प्रोफेसर, माझ्या चहात तुमची माशी पडली. मी म्हटलं, ती चहाच्याच प्रयोगातली आहे. हसले नाहीत. आता जिन्यात कुणी बोलत नाही. संशोधनाला एकांत लागतोच.
संध्याकाळी अळ्यांना नंबरांऐवजी नावं दिली. फक्त सोयीसाठी.

३० डिसेंबर
आलेख तयार! चहा पिऊन ठोके वाढत नाहीत, उलट मंदावतात. जगात कुणालाच माहीत नसावं. हे आधी निशिगंधाला सांगायचं, मगच गाईड मॅडमना. फोन केला. ती अंघोळीला गेली होती. दुपारी केला, तेव्हाही अंघोळीलाच.

८ जानेवारी २००७
गाईड मॅडमनी व्हिडिओ पाहिला. म्हणाल्या, गुणवंत, अळीचं हृदय पाठीकडे असतं हो. हे आतडं आहे. दोन महिने तुम्ही तिचं पचन मोजताय.
हरकत नाही. पचनावरही पेपर होतो.
जेवलो नाही.

२१ जानेवारी, रविवार
आज अळी पालथी चिकटवली. पाठीच्या कातडीतून आरपार दिसलं. एक बारीकशी नळी, न थांबता आवळतेय, सुटतेय. मी ओरडलो, निशिगंधा, इकडे ये, लवकर ये!
घरात कुणी नाही, हे माहीत होतं. तरी ओरडलो.
बेल वाजली. नीलम. चेहरा हसरा. म्हणाली, वहिनी आल्या ना सर? हाक ऐकली मी. संध्याकाळी हळदीकुंकवाला पाठवा हां त्यांना, वाण बाजूला ठेवते.
म्हटलं, नाही आली. येणारही नाही.
हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो. ऐकून मलाच फार वाईट वाटलं. नीलम वळून घरी गेली.
थोड्या वेळाने तिच्या सासूबाईंची तीच वाटी आली. शिरा होता, खरा. उभ्या उभ्या सगळा खाल्ला.
अळीचे ठोके मोजायचे राहूनच गेले.