तुमाला कावीळ सांगितली

सोलापूर, १२ जानेवारी १९७७

आरोग्य खात्याचे डाक्टरसायेब,
चंद्रव्वाचा नमस्कार.

मागल्या वर्षी सूत रंगवायच्या कारखान्यामागं आमच्या गल्लीत तुमी घरोघर फिरलात. कोण कशानं गेलं ते लिहून घेतलंत. माझ्या मालकांचं विचारलंत, तवा मी कावीळ सांगितली. कावीळ नव्हती सायेब, कॅन्सर होता. दवाखान्याचा कागद ट्रंकेत होता, आणि तुमी त्याच ट्रंकेवर बसून लिहीत होता.

माझी थोरली बसव्वा तवा लग्नाची होती. घरात ह्यो रोग हाय म्हणलं की पोरीला कोण करून घेत न्हाय. शेजाऱ्यांनीबी तेच केलं. कुणी दमा सांगितला, कुणी म्हातारपण. त्या रोगानं आठ माणसं गेली, तुमच्या वहीत दोनच लागली. मग खात्याचा कागद आला, की रोग सगळीकडं असतो तेवढाच हाय, तपास बंद. कारखान्याचं रंगाचं पाणी मुरतं त्या आमच्या आडाचं पाणी कुणी तपासलंच न्हाय.

बसव्वाला दुधनीला दिली. आता तिलाबी तोच रोग निघालाय. वीस वर्सं ती हितलं पाणी प्याली, पण तिचं नाव दुधनीच्या वहीत लागंल. आमच्या गल्लीत दोनच राहतील.

खरं सांगावं म्हणून लिहायला बसले. पण धाकट्या चन्नम्माला बघायला उद्या मैंदर्गीची माणसं येणार हायत. हे पत्र मी पेटीत टाकणार न्हाय. तुमी परत आलात, तर बसव्वालाबी कावीळच झालीय म्हणून सांगीन.

तुमची अपराधी,
चंद्रव्वा