चार दुपारी

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. गुडघ्याचं कसं आहे? तू पट्टा बांधत नाहीस असं वहिनी सांगत होती. बांध. मी ठीक आहे. घसा बसलाय, पण वीस-बावीस पोरांवर दिवसभर ओरडणाऱ्या बाईचा गळा कोकिळेचा कुठून असणार.

रविवारी पोरांच्या नाटकाचा प्रयोग झाला. वाचनालयाच्या वरचा तोच हॉल, तोच कुरकुरणारा पंखा. खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे होते. पाहुणे भाषणात म्हणाले, बारा वर्षांत बाईंनी या गल्लीतल्या मुलांना दुसरं घर दिलं. टाळ्या पडल्या. मी हात जोडून उभी होते आणि मनात एकच, कधी एकदा चपला काढून बसते.

खरं सांगू, मी थकलेय. नुसतं अंग नाही. पूर्वी नवं पोर दारात येऊन भिंतीला चिकटून उभं राहिलं की मला हुरूप यायचा. महिन्याभरात ते दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचं, भांडायचं, की मी समजायचे, आता रुळलं. अजूनही तसंच होतं. पण आता मी ते बघते ती दुसऱ्याच्या घरी वाढायला उभी असल्यासारखी.

प्रयोगानंतर सामान आवरताना लांबडी मदतीला थांबली. आमच्या गटातली जुनी मुलगी, उंच म्हणून हे नाव. आता ती एका दवाखान्यात नोकरी करते. पडद्यांच्या घड्या घालता घालता मी नव्या पोरांना तिची गोष्ट सांगितली. दरवर्षी सांगते: दोन वर्षांपूर्वी प्रयोगाला चार दिवस उरले असताना मुख्य मुलगी तापानं पडली आणि लांबडीनं चार दिवसांत अख्खी भूमिका उभी केली. याला म्हणतात आपला गट, वगैरे.

पोरं गेल्यावर लांबडी म्हणाली, "मॅडम, ती गोष्ट सांगत जाऊ नका. मला ते काम तुमच्या मुलीनं शिकवलं. चारही दिवस, दुपारी, मागच्या जिन्यात बसून."

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, आईची निवड चुकली असं तिला वाटायला नको."

दादा, मी तिथेच पडद्यांच्या ढिगावर बसले.

घर सोडताना माझ्या लेकीनं तुला काय सांगितलं ठाऊक नाही. तू विचारलं नाहीस आणि मी आपली 'तिकडचं कॉलेज चांगलं आहे' म्हणत राहिले. ती त्या हॉलमध्येच वाढली. कुणी गैरहजर असलं की त्याच्या जागी उभं राहायचं, हे तिचं काम. सगळ्यांचे संवाद तिला पाठ. मी तिला एकदाही भूमिका दिली नाही. मुख्य मुलगी आजारी पडली त्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मागितलं काहीच नाही. मी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि लांबडीला हाक मारली. बाईनं स्वतःच्या पोरीचं घोडं पुढे दामटलं, असं लोक म्हणतील, ही भीती. घरी आल्यावर म्हणाले, "तू घरचीच आहेस, तू समजून घेशील." पंधरा दिवसांत ती बॅग भरून तुझ्याकडे आली.

दोन वर्षांत ती इकडे फिरकली नाही. मीही आले नाही. दर वेळी तालमीचं निमित्त. फोनवर 'जेवलीस का'च्या पुढे आमची गाडी जात नाही.

काल हॉलची किल्ली लांबडीकडे दिली. तीन महिने शनिवार-रविवार ती तालीम घेईल. पोरांना वाटतंय मी आजारी आहे. वाटू दे.

शनिवारी दुपारच्या बसनं येतेय. तिला आधी सांग, मला अचानक पुढ्यात उभं राहायचं नाही. ती बाहेर जाते म्हणाली तर जाऊ दे. मामा म्हणून रागावू नकोस. मी चहा घेऊन संध्याकाळी परतेन, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येईन. मला तिची समजूत घालायची नाही. तिनं बोलावं, मी ऐकावं. नाहीच बोलली तर गप्प बसून राहावं, एवढंच ठरवलंय.

हे पत्र तिनं मागितलं तरच दे.

सगळ्या गल्लीची मॅडम,
आणि एकीची आई व्हायचं राहून गेलेली,
तुझी धाकटी