गटारातून निघालेला गोळा

ठमाबाई,

गळ्याशप्पथ सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. दात काढू नकोस.

कपडे घ्यायला घरी आले होते, परत दवाखान्यात निघालेय. सकाळी गटार तुंबून पाणी शिंपीआजोबांच्या दुकानात शिरलं. ते काठी घेऊन गटार मोकळं करायला गेले, घसरले नि डोकं दगडावर आपटलं. मागाहून लोकांनी गटारातून पिशव्यांचा गोळा ओढून काढला. चांगला म्हशीएवढा! वर एक बेडूक घरमालकासारखा ऐसपैस बसलेला. गोळ्यात तुझ्या नूडल्सच्या पिशव्या होत्या आणि माझ्या दुधाच्याही. मी ओळखल्या.

शिंपीआजोबांनी उरल्यासुरल्या कापडाच्या शिवून दिलेल्या पिशव्या दारामागे कोऱ्याच लटकतायत. आज भाजीला त्याच ने. दूध किटलीत सुट्टं आण. दूधवाला कुरकुरला तर माझं नाव सांग, गप्प बसेल. बाहेरचं जेवण आणायचं तर घरचा डबा घेऊन जा, ते प्लॅस्टिकचे चमचे-बिमचे नकोत. पाणीही घरूनच भरून ने.

संध्याकाळी दवाखान्यात ये. त्यांचा चष्मा आणि धुतलेली चादर आण. मघाशी शुद्धीवर आले तेव्हा मला म्हणाले, "आक्का, आता तरी बाजारात पिशवी घेऊन जाशील का गं?" शिंपीआजोबा असले तुझे, तरी माझा धाकटाच भाऊ, पण ऐकवायला कधी चुकत नाही.

बरं, ऐक. गोळा खरा, बेडूकसुद्धा खरा. ते शुद्धीवर येऊन बोलले, तेवढंच मी रचलं. त्यांनी अजून डोळे उघडलेले नाहीत. लवकर ये.

आजी