बोरं पडत होती तेव्हा

जाम, गुरुवार

प्रिय अंकिता,

ताई फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसशील. पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि हे फक्त तुझ्या कानावर घालायचंय. हे वाचून तू माझ्याशी बोलणं टाकशील अशी भीती वाटते. आणि लिहिलं नाही तर त्याहून मोठी भीती आहे.

आधी आमच्या पीयूषचं सांगते. परवा दाराची कडी लावायची राहिली आणि तो थेट हायवेवर. ट्रकचं फिरतं चाक दिसलं की त्याला दुसरं काही दिसत नाही. मी जीव तोडून हाका मारल्या, चौकातल्या चहावाल्यानेही मारल्या. त्याने मान वळवली नाही. त्याची कॉलर हातात आली तेव्हा ट्रकचा वारा माझ्या तोंडावर लागला. अजून झोपेत दचकते मी. त्याला ऐकू नीट येतं, कान तपासून झालेत. नाव घेतलं म्हणजे आपल्याला बोलावलं, हेच त्याला अजून उमगत नाही. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला ऑटिझम म्हणतात. कुणाच्या चुकीने होत नाही, पण लवकर ओळखलं तर पोराला पुष्कळ मदत होते. आम्हाला उशीर झाला. सासूबाई म्हणायच्या, "पोट्टे उशिराच बोलते, तू काऊन एवढी घाबरून राह्यली?" ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी ऐकत राहिले. आता चार वर्षांचा झालाय. गेल्या महिन्यात त्याने पहिल्यांदा बोट दाखवून पाणी मागितलं, तर मी आणि हे दोघंही रडलो.

त्याच्या लुटीचा, संक्रांतीच्या बोरन्हाणाचा दिवस आठवतो? हलव्याचे दागिने घालून पाटावर बसलेला, डोक्यावर बोरं, मुरमुरे, गोळ्या पडताहेत, वेचायला पोरांची झुंबड, आणि हा आपला वाटी गरगर फिरवतोय. सगळे म्हणाले, किती गुणी. मी दृष्ट काढली होती त्याची.

रविवारी आष्टीला तुझ्या प्रेरणाची लूट झाली. काय गोड दिसत होती. बोरं ओतली, पोरांनी गलका केला. तिने वर पाहिलं नाही. कुंकवाच्या करंड्याचं झाकण फिरवत राहिली. तू मागून दोन-तीनदा हाक मारलीस. तुझ्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "पोरगी मोठी शांत आहे बाई, कायचा तरास नाई." सगळे हसले. मीही हसले, आणि पीयूषचं निमित्त करून लवकर निघाले.

अंकिता, मी डॉक्टर नाही. माझ्या डोळ्यांना आता सगळीकडे तेच दिसतं, म्हणून चुकतही असेन. चुकूच दे मला. मग जन्मभर चिडव. पण लुटीचा तो व्हिडिओ एकटी असताना पुन्हा लाव. बोरं बघू नकोस, फक्त तिच्याकडे बघ. ती दीड वर्षाचीच आहे गं, तुझ्या हातात अजून वेळ आहे. सोमवारी सकाळी मी वर्ध्याच्या बसस्टँडवर थांबते. रागावली असशील तर दिवसभर माझ्याशी बोलू नकोस, पण तिला घेऊन ये.

तुझीच,
काजलताई