कोल्हापूर ते बंगळुरू, सरळ रेषेत

३ नोव्हेंबर, सोमवार
नातवाचं बारसं १६ तारखेला, दुपारी बारा वाजता, बंगळुरूला. माझे साडू, कागलचे बाळासो, विमानानं जाणार. दहावी नापास, पण डेअरी जोरात. "नुसता दीड तास, पावणं!" फोनवर चार वेळा म्हणाले. नातू माझा की त्यांचा?
एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. नकाशावर पट्टी ठेवली. हवाई अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर. रस्त्यानं सहाशे पंधरा. एवढ्या फरकासाठी आकाशात जायचं?

५ नोव्हेंबर
विमानाचा खरा हिशेब: कागल ते विमानतळ, तिथं ताटकळणं, उड्डाण, बॅगेची वाट, मग बंगळुरूचं ट्रॅफिक. एकूण सहा तास. माझी गाडी ताशी शंभरनं सहा तास. बरोबरी! (चहा धरलेला नाही. घेणारही नाही.)
हिला समजावलं. म्हणाली, "बाळासोंनी माझं तिकीट काढलंय." मला न विचारता! तेही खिडकीजवळचं.
मला विमानाचं वावडं नाही. गुडघ्यांना जागा पुरत नाही, इतकंच.

१२ नोव्हेंबर
मुलीला, क्रांतीला, फोन केला. म्हटलं, आपला सागवानी पाळणा मी गाडीतून आणतोय. तुझ्या काकांना म्हणावं, न्या विमानातून!
म्हणाली, "काकांनी बाळाला सोन्याची चेन केलीय."
छान म्हटलं. जेवलो नाही.

१६ नोव्हेंबर, पहाटे ४.३०
निघतोय. ही कालच कागलला बहिणीकडे गेली. तिथून जाताना हॉर्न वाजवणार.

सकाळी ८
हुबळी. वेळेत आहे. चहा घेतला.

सकाळी ११.३५
राणेबेन्नूरजवळ. पाच मिनिटं डोळे मिटले होते. दोन तास कुठं गेले कळत नाही. क्रांतीचे सात मिस कॉल.

संध्याकाळी ५.४०
पोचलो. बारसं दुपारीच उरकलं. पाळणा नाही म्हणून हिच्या साडीची झोळी केली. एक टोक जावयानं धरलं, दुसरं बाळासोंनी. ते टोक माझं होतं.
नाव सम्राट. बाळासोंच्या मांडीवर झोपला होता. मी घेतला, तर रडला. परत दिला, तर गप्प. प्रवासाच्या घामाचा वास आला असणार.
कंबर धरली आहे.

१७ नोव्हेंबर
क्लच दाबता येईना. बायका विमानानं गेल्या. बाळासोंनी स्वतःचं तिकीट सोडलं. "चला पावणं, मी चालवतो."
चित्रदुर्गाच्या अलीकडं म्हणाले, "खरं सांगू? इमानाचं मला लई भ्या वाटतं. येताना डोळं गच्च मिटून बसलतो. अक्कांनी उतरंपत्तोर हात धरलता, म्हणून निभावलं."
अक्का म्हणजे ही.
मी म्हटलं, "मला नाही भीती वाटत."
"मग का आला न्हाईसा?"
गुडघ्यांचं सांगितलं. त्यांनी गिअर बदलला.
तेवढ्यात हिचा फोन. सुखरूप उतरलो म्हणाली. मग म्हणाली, "बाळासोंना द्या जरा."
ते गाडी चालवतायत, असं सांगितलं.
"मग त्यांच्या कानाला धरा."
धरला.